वाऱ्याच्या गावात एक दिवस



जगाचा नकाशा समोर घ्या. मुंबईवर बोट ठेवा. आता बोट पश्चिमेकडे न्या. अरबी समुद्र ओलांडा. तांबड्या समुद्रातून वर जा. सुएझचा कालवा पार करा. पुढे भूमध्य समुद्र लागतो. या समुद्राचा एक लांबट फाटा इटली देशाच्या पूर्वेकडून वर उत्तरेला गेला आहे. त्याला एड्रियाटिक समुद्र म्हणतात. हा फाटा जिथे संपतो, तिथे अगदी कोपऱ्यात एक बंदर आहे. त्याचे नाव त्रिएस्ते.

त्रिएस्ते हे शहर इटलीत आहे. वस्ती दोन लाखांच्या आसपास. समोर समुद्र, पाठीशी डोंगर. डोंगराच्या पलीकडे स्लोव्हेनिया नावाचा देश. हे शहर बंदरासाठी प्रसिद्ध आहे, कॉफीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. पण सर्वांत जास्त प्रसिद्ध आहे ते वाऱ्यासाठी. त्या वाऱ्याचे नाव बोरा.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारी महिन्यात आम्ही उभयता त्या शहरी होतो. आमचा पुतण्या बोटीवर नोकरी करतो. त्याची बोट त्या बंदरात लागली होती. त्याच्यामुळे हा योग आला. तिथे एक दिवस बोरा वाहिला. त्या दिवशी जे पाहिले व जे समजून घेतले, ते या धड्यात सांगतो.

वारा येतो कोठून?

आपल्या किनाऱ्यावर रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा वाहतो. कोळी बांधव त्याला मतलई वारा म्हणतात. बोरासुद्धा जमिनीवरून समुद्राकडेच वाहतो. पण मतलई वारा शीड हळूच फुगवतो, आणि बोरा शीड फाडतो. एवढा फरक का?

शहराच्या पाठीशी कार्स्ट नावाचे पठार आहे. त्याची उंची तीनशे ते चारशे मीटर. त्याच्याही मागे मोठे डोंगर आहेत. हिवाळ्यात डोंगरापलीकडची जमीन गोठते. तिच्यावरची हवा फार थंड होते. थंड हवा जड असते. ती वर जात नाही, खालीच साचून राहते. धरणात पाणी साचते, तशी ती डोंगरामागे साचते. पाऊसकाळात तलाव भरला म्हणजे काय होते? पाणी सांडव्यावरून धडधडत खाली येते. तसेच इथे होते. डोंगराच्या सखल खिंडीतून ती जड हवा सांडते आणि उतारावरून समुद्राकडे कोसळते. हाच बोरा. तो ईशान्य-पूर्वेकडून येतो. शहर बरोबर त्या उताराच्या पायथ्याशी आहे.

बोराचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर सहज जातात. १५० च्या वर गेल्याच्याही नोंदी आहेत. इथे एक हिशेब ध्यानात ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेग तिप्पट झाला, तर दाब नऊपट होतो. म्हणून साधा वारा फक्त टोपी उडवतो आणि वादळ छप्पर उचलते.

बोराचे दोन प्रकार लोक सांगतात. आकाश निरभ्र असून वारा वाहतो, तो उजळ बोरा. ढग, पाऊस किंवा बर्फ घेऊन येतो, तो काळा बोरा. आम्हाला भेटला तो उजळ बोरा. वर लख्ख ऊन पडले होते, आणि खाली माणसाला उभे राहवत नव्हते.

सकाळची तयारी

पहाटेपासून खिडक्यांची झडपे वाजत होती. पुतण्या आम्हाला न्यायला आला. आम्ही छत्री हातात घेणार, तोच तो म्हणाला, "काका, छत्री इथंच राहू द्या. आज बाहेर कचऱ्याच्या पेट्या बघा, मोडक्या छत्र्यांनी भरलेल्या दिसतील. काकू, शाल आत खोचून घ्या. कानटोपी बांधा. आणि चालताना भिंतीच्या बाजूनं चाला, पण वर लक्ष ठेवा. कौल नाहीतर फुलझाडाची कुंडी खाली येते."

आम्ही विचारले, "आज वारा येणार, हे लोकांना आधी कळलं होतं का?"

"कालच कळलं होतं. हवामान खात्याची सूचना आली. बागा बंद केल्या. ज्यांनी गच्चीवर कपडे वाळत घातले होते त्यांनी काढले. मोटारसायकली लोकांनी आडोशाला नेल्या."

खरेच, ज्यांनी नेल्या नव्हत्या त्यांच्या मोटारसायकली रस्त्याकडेला ओळीने आडव्या पडल्या होत्या.

बोरा सारखा एका जोराने वाहत नाही. तो झोताझोताने येतो. झोत आला म्हणजे माणूस पुढे वाकून त्याला रेटा देतो. एकाएकी झोत थांबतो. रेटा देणारा माणूस तोंडावर पडतो. म्हणून तिथले लोक पाय फाकून, गुडघे जरा वाकवून, छोटी पावले टाकीत चालतात. झोत आला की थांबतात. तो ओसरला की चार पावले जातात. आम्हीही तसेच चाललो.

चौक आणि धक्का

प्रथम एक कालवा लागला. जुन्या काळी मालाची गलबते या कालव्यातून थेट वखारींच्या दारापर्यंत येत. १७१९ साली ऑस्ट्रियाच्या बादशहाने या बंदराला जकातमाफी दिली. जकात नाही म्हटल्यावर नाना देशांचे व्यापारी इथे आले. इटालियन, स्लोव्हेनियन, जर्मन, ग्रीक, सर्ब, ज्यू असे लोक शेजारी शेजारी राहू लागले. कालव्याच्या काठी सर्ब लोकांचे निळ्या घुमटांचे देऊळ आहे. थोड्या अंतरावर ज्यू लोकांचे मोठे प्रार्थनामंदिर आहे. ते १९१२ सालचे आहे.

पुढे शहराचा मोठा चौक लागतो. त्याच्या तीन बाजूंना वाडे आहेत, आणि चौथी बाजू समुद्राकडे उघडी आहे. तिथे उजव्या हाताला न जाता डावीकडच्या भिंतीच्या आडोशाने आम्ही चाललो. चौकात लॉइड या बोट कंपनीचा जुना वाडा आहे. आज तिथे प्रांताच्या सरकारची कचेरी आहे. ही कंपनी १८३६ साली निघाली. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, आणि मग तिच्या बोटी मुंबईला येऊ लागल्या. १९३१ साली गोलमेज परिषदेहून महात्मा गांधी परत आले, ते याच कंपनीच्या 'पिल्स्ना' नावाच्या बोटीने. १४ डिसेंबरला ते इटलीच्या दक्षिणेकडील ब्रिंदिझी बंदरात बोटीवर चढले आणि २८ डिसेंबरला मुंबईस उतरले. एवढ्या दूरच्या गावाशी आपला असा जुना संबंध आहे.

चौकाजवळून एक दगडी धक्का सरळ समुद्रात गेला आहे. त्याची लांबी सुमारे अडीचशे मीटर. १७४० साली 'सान कार्लो' नावाचे जहाज तिथे बुडाले होते. ते बाहेर काढीत न बसता लोकांनी त्याच्यावरच धक्का बांधला. १७४३ ते १७५१ अशी आठ वर्षे काम चालले. धक्क्याच्या टोकाला धातूचे दिशाचक्र बसवले आहे. कोणता वारा कोणत्या दिशेने येतो, ते त्याच्यावर कोरलेले आहे. आदल्या संध्याकाळी वारा शांत होता, तेव्हा आम्ही टोकापर्यंत जाऊन ते पाहिले होते. आज पुतण्याने आम्हाला धक्क्यावर पाऊल टाकू दिले नाही. धक्क्याला कठडा नाही, आणि वारा पाठीमागून समुद्राकडे ढकलणारा.

समुद्राकडे पाहून आमच्या मनात एक शंका आली. एवढा वारा, आणि काठाजवळ लाटा मात्र लहान! असे कसे? जवळच्या कॉफीच्या दुकानात आम्ही शिरलो. तिथे बंदरावर काम केलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. पुतण्याने त्यांना विचारले. ते जे बोलले ते त्याने आम्हाला मराठीत सांगितले.

"वारा जमिनीवरून येतो. काठाजवळ लाटा उठायला त्याला जागा मिळत नाही. म्हणून पाणी बरं दिसतं. नवखा माणूस फसतो तो इथंच. होडी काढतो. जरा बाहेर गेला की वारा त्याला दूर दूर नेतो, आणि वल्ही मारून परत येणं जमत नाही. आत खोल समुद्रात लाटा मोठ्या असतात. बोरा असला म्हणजे समुद्राचा रंग पाहायचा. पाण्यावर पांढरा धूर उठलेला दिसला, तर होडी बांधून ठेवायची."

तो धूर आम्हीही पाहिला. तो खरा धूर नव्हे. वारा पाण्याचे बारीक तुषार उचलतो व पुढे लोटतो. दुरून समुद्र धुमसतो आहे असे वाटते. फेब्रुवारी २०१२ मध्ये बोरा कित्येक दिवस थांबला नव्हता. त्या वेळी हे तुषार काठावरच्या दगडांवर व खांबांवर पडून तिथेच गोठले होते. सगळा किनारा बर्फाने मढला होता.

दोर

दुकानातून निघालो. एका गल्लीचे तोंड मोठ्या रस्त्याला मिळत होते. तिथे एक म्हातारी दिव्याच्या खांबाला मिठी मारून उभी होती. हातात भाजीची पिशवी. तिला रस्ता ओलांडायचा होता, पण खांब सोडण्याची सोय नव्हती. आमचा पुतण्या पुढे झाला. पलीकडून एक विद्यार्थी आला. टपाल वाटणारी एक बाई आपली गाडी भिंतीला लावून आली. तिघांनी हातात हात घालून साखळी केली आणि म्हातारीला मध्ये घेतले. झोत आला, सगळे थांबले. झोत ओसरला, सगळे चार पावले गेले. असे करीत ती पलीकडच्या दारात पोचली. तिने प्रत्येकाचा हात एकदा दाबला आणि आत गेली. टपालवाली बाई आपल्या कामाला गेली. कोणी कोणाचे नाव विचारले नाही.

पुतण्या म्हणाला, "काका, पूर्वी अशा जागी दोर बांधत. बोरा आला की रस्त्याच्या कडेनं दोर ताणायचे, आणि लोक ते धरून चालायचे." शहराच्या जुन्या छायाचित्रांत असे लोक दिसतात. एका हाताने टोपी धरलेली, दुसऱ्या हाताने दोर. आता तसे दोर फारसे बांधत नाहीत.

आमच्या मंडळी म्हणाल्या, "दोर नसला म्हणून काय झालं? माणसं आहेत की."

जळालेले घर

जवळच एक भव्य इमारत पुतण्याने दाखवली. तिची गोष्ट वाऱ्याची नाही. पण नव्याने वाचायला शिकलेल्या प्रत्येकाने ती ऐकावी, म्हणून इथे सांगतो.

या शहरात इटालियन लोक जास्त, पण स्लोव्हेनियन लोकही पिढ्यान् पिढ्या राहत आलेले. त्यांनी १९०४ साली ही इमारत पुरी केली. नाव ठेवले 'नारोद्नी दोम', म्हणजे लोकांचे घर. आत नाटकगृह होते, पेढी होती, उतरायला खोल्या होत्या. त्यांच्या भाषेचे सगळे कार्य तिथे चाले. पहिल्या महायुद्धानंतर शहर इटलीकडे गेले. १३ जुलै १९२० रोजी फॅसिस्ट जमावाने हे घर जाळले. पुढे १९२३ साली इटलीत शाळांचा नवा कायदा झाला. त्यामुळे काही वर्षांत स्लोव्हेनियन भाषेच्या शाळा बंद पडल्या. मुलांना शाळेत आईच्या भाषेत लिहिण्या-वाचण्याची बंदी झाली.

मग त्या लोकांनी काय केले? घरात व देवळात मुलांना शिकवले. पुष्कळ पाद्री प्रार्थनेच्या निमित्ताने अक्षरे गिरवून घेत. अशी वीस-बावीस वर्षे गेली. दुसरे महायुद्ध संपले, आणि १९४५ साली त्यांच्या शाळा पुन्हा उघडल्या. आज त्रिएस्तेत स्लोव्हेनियन भाषेच्या सरकारी शाळा आहेत. जळालेली इमारत पुन्हा उभी राहिली होती. १३ जुलै २०२० रोजी, बरोबर शंभर वर्षांनी, ती स्लोव्हेनियन लोकांना परत देण्याचा करार झाला. त्या वेळी दोन्ही देशांचे राष्ट्रपती हजर होते.

बोराला इटालियन लोक 'बोरा' म्हणतात, स्लोव्हेनियन लोक 'बुर्या' म्हणतात. शब्द दोन, वारा एकच. छप्पर उडवताना तो घरमालकाची भाषा विचारीत नाही.

डोंगरावरची घरे

दुपारी बसने आम्ही कार्स्ट पठारावर गेलो. वारा येतो तो याच वाटेने. तिथल्या खेड्यांतली जुनी घरे पाहण्यासारखी आहेत.

घरे चुनखडीच्या दगडाची. भिंती जाड. वाऱ्याच्या बाजूला खिडकी नाही, असलीच तर अगदी लहान. अंगणाला उंच दगडी कोट, म्हणजे अंगणात वारा शिरत नाही. जुन्या छपरांवर कौलांऐवजी दगडाच्या जड फरश्या घातलेल्या. जिथे कौले आहेत, तिथे त्यांच्यावर ओळीने धोंडे ठेवलेले. हे कोणा इंजिनियराने शिकवले नाही. ज्याचे छप्पर उडाले त्याने शेजाऱ्याला सांगितले, शेजाऱ्याने मुलाला सांगितले, असे ते ज्ञान वाढले.

पण एका बाबतीत त्या लोकांचे फार नुकसान झाले होते. पूर्वी या पठारावर रान होते. लाकडासाठी लोकांनी झाडे तोडली. उरलेली रोपे शेळ्यामेंढ्यांनी खाल्ली. झाडे गेली आणि माती उघडी पडली. उघडी माती बोराने व पावसाने नेली. मागे नुसता कातळ राहिला. शेतकऱ्याचे सगळे धन म्हणजे माती. ती गेली तर घर कितीही भक्कम असून काय उपयोग?

मग झाडे परत लावण्याचा उद्योग सुरू झाला. कित्येक जातींची रोपे वाऱ्याने व दुष्काळाने मेली. शेवटी १८५९ साली शहराजवळच्या बाझोवित्सा गावी काळ्या पाइनची लागवड यशस्वी झाली. हे सूचिपर्णी झाड उथळ मातीत तगते व वारा सोसते. पुढच्या काळात हजारो एकर कातळ हिरवा झाला. पाइनच्या सावलीत पाला कुजला, थोडी माती तयार झाली, आणि तिथे ओकसारखी मूळची झाडे आपोआप उगवू लागली.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाइनमध्ये राळ असते. ते चटकन पेटते. जुलै २०२२ मध्ये या पठारावर मोठा वणवा लागला व कित्येक दिवस जळत राहिला. म्हणून आता एकाच जातीचे रान न ठेवता निरनिराळी झाडे वाढू द्यावीत, असे जाणकार म्हणतात.

पठाराच्या कडेला उभे राहून आम्ही खाली पाहिले. शहर उन्हात चमकत होते. एकही होडी समुद्रात नव्हती. सगळ्या बांधलेल्या होत्या.

आपण काय घ्यावे?

आपल्याकडे बोरा नाही. आपली मोठी वादळे समुद्रावरून जमिनीवर येतात. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. ज्याची बाग गेली त्याला ती पुन्हा उभी करायला किती वर्षे लागतात, हे कोकणात सांगायला नको.

वारा थांबवणे माणसाच्या हातात नाही. पण त्याची वाट ओळखणे हातात आहे. सूचना आली की होडी बांधणे, पत्रे घट्ट करणे, गुरे सुरक्षित जागी नेणे, हे हातात आहे. गावात एकटी म्हातारी माणसे कोण आहेत आणि त्यांच्याकडे कोणी जायचे, हे आधी ठरवणे हातात आहे. बांधावर झाडे राखणे हातात आहे.

आणखी एक गोष्ट. बंदरावर व ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वादळाची सूचना लागते. पूर्वी ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागे. वाचणारा भेटेपर्यंत वेळ जाई. आता तुम्ही ती स्वतः वाचू शकता. वाचली की शेजाऱ्यालाही सांगा.

अभ्यास

१. बोरा वारा कसा तयार होतो? तलावाच्या सांडव्याचे उदाहरण देऊन सांगा.

२. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दाब किती पट होतो?

३. काठाजवळ लाटा लहान असूनही बोरा असताना होडी का काढू नये?

४. कार्स्ट पठारावरची माती का गेली? ती परत यावी म्हणून लोकांनी काय केले?

५. आपल्या गावात वादळाची सूचना कोठे लागते? तिथे जाऊन फळा वाचून या, आणि त्यावर काय लिहिले आहे ते पाच ओळींत लिहा.

६. आपल्या वाडीत वादळाच्या वेळी कोणाला मदत लागेल? त्यांची नावे वर्गात सर्वांनी मिळून लिहा, आणि प्रत्येक नावापुढे मदतीला जाणाऱ्याचे नाव लिहा.